कॉपी मारणाऱ्याला अद्दल म्हणून व्हायरस? फोंड्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार बाब,

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणं मला बरं वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. लांबेल, पण तुम्ही काढलेले मुद्दे तसे आहेतच.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी दोन गोष्टी म्हटल्या होत्या. एक, सिक्युरिटी अपडेट पायरेटेड विंडोजवाल्यालासुद्धा मिळालं पाहिजे. दुसरी, सॉफ्टवेअरला पेटंट नको. त्यावर फोंड्याच्या या वाचकांनी, जे स्वतः दुकानांसाठी बिलिंगचा प्रोग्राम लिहून विकतात, असं लिहिलं: "तुम्ही चोरांची वकिली करताय. माझा प्रोग्राम एकाने विकत घेतला आणि बाजारातल्या पाचसहा दुकानांत तो फुकट फिरला. वर्म पसरतात ते या फुकट्यांमुळे, त्यांना अपडेट कशाला द्यायचं? उलट कॉपीत व्हायरस घालून ठेवावा, एकदा हार्डडिस्क उडाली की अक्कल येते. माझ्या प्रोग्राममध्ये एक की दाबली की गिऱ्हाइकाचं नेहमीचं सामान बिलात येतं, ही माझी आयडिया. तिला पेटंट असतं तर कुणाची हिंमत झाली नसती. पेटंटला विरोध म्हणजे आमच्या मेहनतीला विरोध."

तर पहिली गोष्ट, तुमचं नुकसान झालं ते खरंच झालं, आणि ज्यांनी केलं त्यांनी चूक केली, यात मला काही किंतु-परंतु नाही. "तो गरीब दुकानदार, त्याला कुठे परवडतं" वगैरे मी म्हणणार नाही, कारण लाखांचा माल भरणाऱ्या माणसाला तुमचे काही हजार जड होत नाहीत, त्याला फक्त सॉफ्टवेअरला पैसे द्यायची सवय नाही. कायदासुद्धा तुमच्या बाजूने आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३ब कलम आहे, माहीत असून कॉपी मारलेला प्रोग्राम वापरणाऱ्यासाठीच ते घातलंय. कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण दुकानाचं बिल फाडायला प्रोग्राम वापरणं हा धंदाच झाला. म्हणजे तुमच्या हातात हत्यार आहे आणि ते कॉपीराइटचं आहे. हे लक्षात असू द्या, पुढे पेटंटच्या वेळी लागेल.

आता "वर्म पसरतात ते फुकट्यांमुळे". वर्म म्हणजे नेटवर्कवरून आपणहून एका मशीनमधून दुसऱ्यात शिरणारा प्रोग्राम. हे अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं फार महत्त्वाचं आहे.

२००३ च्या जानेवारीत एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म आला. अख्खा ३७६ बाइटचा, म्हणजे तुमच्या प्रतिक्रियेपेक्षाही छोटा. दहा मिनिटांत जगातली बहुतेक सगळी लागण होण्यासारखी मशीनं त्याने धरली, सुमारे ७५ हजार. अमेरिकेत बँकेची एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियात इंटरनेटच जवळजवळ थांबलं. आणि ही मशीनं कुणाची होती? बरीचशी डेटाबेस सर्व्हर चालवणाऱ्या कंपन्यांची, ज्यांनी रीतसर लायसन्स घेतलेली. पॅच, म्हणजे ती फट बुजवणारं अपडेट, सहा महिने आधी, २००२ च्या जुलैतच निघालेला, तो कुणी टाकला नव्हता इतकंच. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली अडवून खंडणी मागणारा वर्म आला तेव्हाही पॅच मार्चमध्येच आलेला होता, तरी इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांतली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. वर्मला बिल दाखवून काही होत नाही हो, तो फक्त उघडं दार बघतो.

माझ्या डोळ्यासमोरचं सांगते. २००९ च्या सुमारास मी म्हापशात एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते, लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, असलं काम. सगळा मॅटर पेन ड्राइव्हवर यायचा. माझं मशीन पायरेटेड विंडोज एक्सपीचं, आणि त्या काळात विंडोज टाकून देणारी पोरं जाताना एक काम हमखास करून जायची, ऑटोमॅटिक अपडेट बंद. का, तर अपडेट चालू राहिलं तर कोपऱ्यात "ही कॉपी अस्सल नाही" असा फलक यायचा आणि गिऱ्हाईक ओरडायचं. खरं तर मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटीचे पॅच ऑटोमॅटिक अपडेटमधून नकली कॉप्यांनाही चालू ठेवले होते, पण त्या फलकाच्या धास्तीने लोकांनी नळच बंद केलेला. मालकाचं मशीन मात्र अस्सल, बिलासकट, अपडेट चालू, त्याच्यावर हिशेब.

एकदा एका मंडळाचा मुलगा हँडबिलाचा मॅटर घेऊन आला. पेन ड्राइव्ह लावला, नेहमीची ती खिडकी उघडली, आणि तिच्यात "फोल्डर उघडून फायली बघा" ही ओळ दोनदा. वरची खोटी, खालची खरी, चिन्ह दोन्हीकडे तेच पिवळं फोल्डर. घाईत कुणीही वरची दाबणार. तो कॉन्फिकर नावाचा वर्म होता. संध्याकाळपर्यंत अशी गत झाली की गूगल उघडतंय, बातम्यांच्या साइट उघडतायत, पण कुठल्याही अँटिव्हायरस कंपनीचं पान उघडत नाही, मायक्रोसॉफ्टचंही नाही, कारण औषध जिथून मिळेल ते सगळे पत्तेच तो अडवून ठेवायचा. आणि दुसऱ्या दिवशी मालकाचं अस्सल मशीनसुद्धा तसंच वागायला लागलं. त्याच्यावर पॅच होता, म्हणजे नेटवर्कमधली ती एक फट बुजलेली होती. पण ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड १२३४, आणि कॉन्फिकर सोबत सोप्या पासवर्डची यादीच घेऊन फिरायचा, नेटवर्कवरच्या शेजारच्या मशीनवर एकेक लावून बघायचा. शेजारचं लागण झालेलं मशीन म्हणजे माझं. पैसे भरून घेतलेल्या मशीनचा हिशेब गेला तो फुकटच्या मशीनवर पॅच नव्हता आणि पेन ड्राइव्ह लावताच ती खिडकी उघडणारं ऑटोरन चालू होतं म्हणून.

म्हणून मी म्हणते अपडेट सगळ्यांना द्या. डेंगीच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं फवारणी करायला येतात तेव्हा घराला पंचायतीचा परवाना आहे का विचारत बसत नाहीत, बेकायदेशीर घरामागच्या टायरातही पाणी साचतंच आणि तिथला डास परवानावाल्याला चावतोच. घराच्या परवान्याची केस वेगळी चालवा, जरूर चालवा. तुमच्या मनात त्या फुकट्याला शिक्षा आहे, मला दिसतंय ते त्याच वायफायवर असलेलं तुमच्या पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाचं मशीन.

आता तुमचा व्हायरसवाला मुद्दा, आणि इथे मी जरा कळकळीने लिहिणार आहे कारण तुम्ही रागात लिहिलं असलं तरी असा विचार करणारी माणसं मला प्रत्यक्ष भेटलीयत. ही कल्पना नवी नाहीच. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन', १९८६ सालचा, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला. त्यांचं म्हणणं अगदी तुमच्यासारखंच होतं, की आम्ही मेहनतीने वैद्यकीय सॉफ्टवेअर लिहिलं, लोक कॉप्या मारतात, त्यांना पकडायला हे केलं. व्हायरसमध्ये स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता, फोन नंबर सगळं घातलेलं, लपवायचं काही नव्हतंच. पुढे काय झालं? फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचतं त्या भागात, बसून तो अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत गेला, आणि ज्यांनी त्या भावांचं सॉफ्टवेअर कधी बघितलंही नव्हतं अशा लोकांचे फोन लाहोरला यायला लागले. कॉपी मारणारा कुठेतरी पहिल्याच पायरीवर राहिला, बाकी सगळी रांग निर्दोष लोकांची.

दुसरं उदाहरण तर मोठ्या कंपनीचं आहे. सोनी बीएमजीने २००५ मध्ये गाण्यांच्या सीडीत कॉपी अडवणारा प्रोग्राम घातला. सीडी कॉम्प्युटरला लावली की तो गुपचूप विंडोजच्या पोटात जाऊन बसायचा आणि स्वतःला लपवायचा, इतका की ठराविक अक्षरांनी सुरू होणारं कुठलंही नाव मशीनला दिसेनासंच व्हायचं. मार्क रुसिनोविच नावाच्या जाणकाराने ऑक्टोबरच्या शेवटी ते उघडकीला आणलं आणि पंधरवड्याच्या आत दुसऱ्याच कुणी आपले व्हायरस त्याच अक्षरांची नावं देऊन त्या आडोशाला लपवले. कंपनीला सीड्या परत मागवाव्या लागल्या, खटले झाले. आणि नीट बघा हं, नुकसान कुणाचं झालं? दुकानात जाऊन पैसे मोजून सीडी आणणाऱ्याचं. नेटवरून फुकट एमपीथ्री उतरवणाऱ्याला काहीसुद्धा झालं नाही.

चांगल्या हेतूनेसुद्धा हे जमत नाही. २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मवर उतारा म्हणून कुणीतरी वेल्चिया सोडला, तो मशीनमध्ये शिरून ब्लास्टर पुसायचा आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच आपणहून उतरवून टाकायचा. ऐकायला छान. पण नवीन मशीनं हुडकायला त्याने नेटवर्कवर एवढी गर्दी केली की एअर कॅनडाचं चेक-इन अडकलं. १९८८ चा मॉरिस वर्म तर विद्यार्थ्याचा प्रयोग होता, नासधूस करायची म्हणून लिहिलेलाच नव्हता, फक्त किती वेळा पुन्हा लागण करायची तो आकडा जास्त पडला आणि हजारो मशीनं गुदमरली. रॉबर्ट मॉरिसला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजारांवर डॉलर दंड झाला.

आणि बाब, तुम्ही खरोखर तसं केलंत तर गुन्हेगार तुम्ही ठराल. आपल्या २००० च्या आयटी कायद्यात ४३ कलम आहे, मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या मशीनमध्ये व्हायरस घातला तर भरपाई द्यावी लागते, आणि लबाडीने केलं असं ठरलं तर ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरचा कॉपीवाला असेल तर चालेल अशी सूट त्यात कुठेही नाही. आज तुम्ही फिर्यादी आहात, उद्या तोच दुकानदार उडालेल्या हार्डडिस्कचं बिल घेऊन तुमच्यावर फिर्याद करेल. प्रोग्राम चालायचा थांबवणं वेगळं, ते करा. त्याच्या डेटाला हात लावू नका.

आता पेटंट. तुमचं सगळ्यात जास्त चुकतंय ते इथे, आणि हे मी तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.

कॉपीराइट तुम्ही लिहिलेल्या कोडला मिळतो, आपोआप, लिहिल्या क्षणी. कुणी तुमची फाईल उचलली तर तो गुन्हेगार. पण मडगावच्या एखाद्या मुलीने तुमचा प्रोग्राम कधीच न बघता, स्वतःचं डोकं चालवून तसाच प्रोग्राम लिहिला तर कॉपीराइट तिला काही करत नाही, आणि करूही नये. पेटंटचं तसं नाही. पेटंट कल्पनेच्या पद्धतीवर बसतं, अर्ज केल्यापासून वीस वर्षं, आणि त्यात "मी कुणाचं बघितलंच नाही, मी स्वतः केलं" हा बचाव चालतच नाही. म्हणजे कॉपीराइटमध्ये उचलणारा पकडला जातो, पेटंटमध्ये काहीही न उचललेला माणूससुद्धा दोषी ठरतो.

तुमच्या त्या एका कीचंच घ्या. ॲमेझॉनने १९९७ मध्ये अर्ज केला आणि १९९९ च्या सप्टेंबरात त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं, कशाचं, तर आधी माहिती दिलेल्या गिऱ्हाइकाने एकदा क्लिक केलं की ऑर्डर पक्की. महिन्याच्या आत त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकवाल्यांवर दावा लावला, आणि डिसेंबरात, ऐन ख्रिसमसच्या खरेदीत, कोर्टाच्या हुकमाने त्या बिचाऱ्यांना आपल्या साइटवर एक क्लिक मुद्दाम वाढवावा लागला. वरच्या कोर्टाने २००१ मध्ये तो हुकूम उठवला, पण सीझन गेला तो गेलाच. आता सांगा, ओळखीच्या गिऱ्हाइकाचं नेहमीचं सामान एका कीवर, ही तुमची आयडिया त्या पेटंटपासून किती लांब आहे? तशी पेटंटं आपल्याकडे चालली असती तर तुम्ही पेटंटवाले झाला नसतात, तुम्हाला नोटीस आली असती. आणि मोठ्या कंपनीशी नोटीस-नोटीस खेळायला लागणारा पैसा फोंड्याच्या बाजारात बिलिंग विकून जमत नाही.

जीआयएफ या चित्रांच्या फाइल-प्रकाराचंही तसंच. माहिती दाबून फाइल लहान करायची एलझेडडब्ल्यू पद्धत १९८४ मध्ये एका मासिकात छापून आली, लोकांनी वाचली, वापरली, १९८७ मध्ये जीआयएफ तिच्यावर उभं राहिलं, सगळ्या जगाने वापरलं, आणि १९९४ च्या शेवटी युनिसिस म्हणाली की पेटंट आमचं आहे, लायसन्स घ्या. मासिकात वाचून प्रामाणिकपणे प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय करायचं होतं? लोकांनी वैतागून पीएनजी हा दुसरा फाइल-प्रकार तयार केला, ते चांगलंच झालं, पण एवढी शक्ती त्यात गेली.

तुम्ही म्हणाल, ही तर क्षुल्लक पेटंटं, खऱ्या बुद्धीच्या कामाला तरी मिळावं. त्याचंही उदाहरण आहे आणि ते आपल्या जवळचं आहे. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्समध्ये असताना लिनियर प्रोग्रामिंगची, म्हणजे मर्यादेत राहून सगळ्यात फायद्याचा पर्याय काढायच्या गणिताची, नवी रीत काढली, विमानांची वेळापत्रकं, टेलिफोनच्या लाइनी असली प्रचंड गणितं सोडवणारी. काम खरोखर थोर, मला त्यांच्याबद्दल अभिमानच आहे. पण एटी अँड टी कंपनीने त्या रीतीवर पेटंट काढलं, १९८८ मध्ये मिळालंही, आणि तिच्यावर चालणारी यंत्रणा विकायला काढली तिची किंमत ८९ लाख डॉलर. गणितावर पेटंट म्हणून गणितज्ञ खवळले. नंतर लक्षात आलं की तिच्या अगदी जवळची एक रीत डिकिन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६७ सालीच छापून ठेवली होती, पश्चिमेत कुणाच्या वाचनात नव्हती एवढंच. पेटंट तपासणारा बाबू हे कुठून शोधणार?

हाच खरा घोळ आहे. जुना पुरावा सापडला तरच खोटं पेटंट पडतं. हळदीचं आठवतं ना? जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं, आणि आपल्या माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, त्यांच्या काळात सीएसआयआरने ते लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. कशाच्या जोरावर? संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय निबंधापर्यंत बत्तीस संदर्भ पुढे ठेवले म्हणून. हळदीचं पुस्तकात लिहिलेलं तरी होतं. प्रोग्राममधल्या युक्त्या कुठे लिहिलेल्या असतात? दहा हजार दुकानांतल्या मशीनवर, कोडच्या पोटात, कुणी निबंध लिहीत नाही की एका कीवर नेहमीचं सामान आणायचं कसं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जुनीच गोष्ट नवी म्हणून पेटंट होऊन जाते, आणि प्रत्येक वेळी लढायला सीएसआयआर येत नाही.

आपल्या पेटंट कायद्यात इंग्रजीतलं ३(के) कलम आहे, गणिताची किंवा धंद्याची रीत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. २००४ च्या डिसेंबरात अध्यादेश काढून ते सैल करायचा प्रयत्न झाला होता, विरोध झाला, आणि २००५ मध्ये संसदेने कायदा केला त्यातून तो बदल वगळला गेला. यंत्राशी जोडलेल्या आणि तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या अर्जांना मात्र आजही पेटंट मिळतं, आणि "नुसता" म्हणजे नेमकं काय यावर कोर्टात वाद चालूच असतात. त्यामुळे दार बंद आहे असं समजून झोपायची सोय नाही. पण ते कलम तुमच्यासारख्या एकट्याने प्रोग्राम लिहिणाऱ्याचं संरक्षण आहे, त्याला विरोध तरी तुम्ही करू नका.

मग करायचं काय, तर माझ्या मते तुमची खरी ताकद दर वर्षीच्या बदलांत आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला, २०२५ च्या सप्टेंबरात दरांची रचना बदलली, प्रत्येक वेळी दुकानदाराला नवीन अपडेट लागतं आणि ते देऊ शकणारा माणूस एकच. पैसे भरलेल्याला ते फोनवरून लगेच द्या, न भरलेल्याला रीतसर बिल पाठवा, सवलतीत लायसन्स द्या, तरी ऐकलं नाही तर वकिलाकडून ६३ब ची नोटीस. फक्त एक, प्रोग्राममध्ये कधी सिक्युरिटीची फट निघाली तर तेवढा पॅच मात्र कॉपीवाल्यालाही द्या.

आणि जुन्या आवृत्त्या, त्यांची माहितीपत्रकं, गिऱ्हाइकांना पाठवलेले मेल, सगळं तारखेसकट जपून ठेवा. आपल्याकडे पेटंट मिळायच्या आधी त्याला कुणीही हरकत घेऊ शकतो, २५ कलमाखाली, त्यासाठी मोठी कंपनी असावं लागत नाही. उद्या कुणी त्या एका कीसाठी अर्ज केलाच तर तुमचं ते जुनं, तारीख छापलेलं माहितीपत्रक पेटंट ऑफिसात ठेवता येईल. तुमच्याकडे पहिल्या आवृत्तीचं काही शिल्लक असेल तर कळवा, हरकतीचा अर्ज कसा लिहितात ते मी पुढच्या लेखात टाकते.